कळण्याचं पीठ कुणाला हवंय?

जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं शिकायला नाहीतर कामाला म्हणून ज्या ज्या शहरात गेली, तिथे आता त्यांचे फेसबुक गट आहेत आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. पुणे, नाशिक, कल्याण, सुरत. सुरतेला लिंबायत, उधना भागात तर आपल्याकडच्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. या गटांवर दिवसभर काय चालतं? भाड्याने खोली, लग्नाची स्थळं, भुसावळहून निघालेली गाडी किती उशिरा आहे, कुणाला रक्त हवंय, आणि जेवण. सगळ्यात जास्त जेवण. माझा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा व्यवसाय या जेवणाच्या बोलण्यातून उभा राहिला, आणि तो कसा राहिला हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या यावल-रावेर भागातल्या कितीतरी बायका हाताला चव असून "काय विकावं" या एकाच प्रश्नावर अडून बसल्यात, त्यांच्यासाठी मुख्यतः.

मी फैजपूरची. घरात घरघंटी होती, वेळ होता, आणि काहीतरी करायचं होतं. जो भेटेल तो म्हणायचा, पापड-लोणची कर. पापड-लोणची करणारे प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्यांतले बरेचसे ओळखीपाळखीवर चालतात. ओळख संपली की धंदा थांबतो. मला आधी हे बघायचं होतं की लोक नेमकं काय मागतात आणि कशावाचून अडतात. घरात बसून हे कळण्याची जागा म्हणजे हे गट. म्हणून विकायला काहीही हातात नसताना मी त्यांत शिरले आणि बराच काळ फक्त वाचत राहिले.

वाचायचं म्हणजे नुसतं वर-खाली सरकवायचं नाही. मी एक वही केली. प्रश्न जसा विचारला तसाच उतरवायचा, त्याच शब्दांत. कोणत्या शहरातून आला, कोणत्या महिन्यात आला, खाली लोकांनी काय उत्तरं दिली, आणि विचारणाऱ्याचं काम झालं की नाही. गटातल्या जुन्या पोस्टीही शोधून वाचल्या. शोधताना एकाच तऱ्हेने लिहून भागत नाही. कुणी कळणा लिहितं, कुणी अहिराणीत कयना लिहितं, आणि निम्म्याहून जास्त पोरं मराठी बोलतात पण टाइप रोमन लिपीत करतात, तेही प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने. सगळ्या तऱ्हांनी शोधलं तेव्हा जुने प्रश्न भराभर वर आले.

वही भरत गेली तसं दिसायला लागलं की जेवणाबद्दलचं सगळं बोलणं एकसारखं नसतं. एक असतं आठवणीचं. "आईच्या हातची शेवभाजी", "आमच्या मळ्यातलं भरीत". त्यावर शेकडो लाइक पडतात, सगळे हळवे होतात, आणि विकत कुणीच काही घेत नाही. दुसरं कृतीचं: फौजदारी डाळ कशी करतात, पाटोडीची भाजी फुटते का. तिसरं सरळ "कुठे मिळेल?" यात धंदा असतो असं सगळ्यांना वाटतं आणि तो थोडाफार असतोही. पण मला ज्याने वाट दाखवली ते चौथं, सगळ्यात कमी लाइकवालं: "मिळालं, पण..."

या "पण"च्या पुढे माणूस जे लिहितो ते फार मोलाचं असतं. त्याने पैसे खर्च केलेले असतात, म्हणजे गरज खरी आहे. आणि त्याचं समाधान झालेलं नसतं, म्हणजे जागा मोकळी आहे.

मागणी दिसली म्हणून ती विकण्याजोगी असतेच असंही नाही. थंडी पडली की हिरव्या भरताच्या वांग्यांची विचारणा सुरू होते. आमच्या शेजारचं बामणोद आणि तिकडे आसोदा ही या वांग्यांची गावं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नाशवंत माल पुण्यापर्यंत नेण्याची ताकद माझ्यात नव्हती, ते काम भाजीवाल्यांचं. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाच्या, रोटांबद्दल प्रश्नांचा पूर येतो. ते पीठ घरोघर मान देऊन, सोवळ्याने दळायचं असतं. लोक तिथे रीत विचारतात, माल विचारत नाहीत. अशा ठिकाणी कुणी "रोटाचं तयार पीठ मिळेल" म्हणून पोस्ट टाकली की मला वाईट वाटतं. उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, बिबडीची, म्हणजे ज्वारीच्या पापडाची, आठवण निघते. ती मी लगेच हाती घेतली नाही: ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, शिजवून चीक करायचा आणि ओल्या कापडावर हाताने थापत उन्हात वाळवायचं. त्याला चार बायांचे हात आणि कोरडं ऊन लागतं, घरघंटी तिथे पुरत नाही.

वहीत "पण"च्या पुढे वारंवार येत होतं ते कळण्याचं पीठ. बाहेरच्यांसाठी सांगते, कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. साधारण किलोभर ज्वारीला पावशेर उडीद. त्याची भाकरी करडी, खमंग, थोडी चिवट लागते, आणि भरीत किंवा ठेचा असला की दुसरं काही नको होतं. हे पीठ पुण्यात मिळत नाही असं नाही, मिळतं. तक्रारी अशा होत्या: भाकरी थापताना कडेने चिरते. पीठ कडवट लागतं. हाताला फारच चिकटतं. मीठ आधीच घातलेलं आहे आणि घरात बीपीचं माणूस आहे. एक किलोचं पाकीट घ्यावं लागतं आणि आम्ही दोघंच, अर्धं उरतं, मग ते टाकवतही नाही आणि खाववतही नाही.

या तक्रारी घेऊन मी गावातल्या गिरणीवाल्या आबांकडे गेले. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "पोरी, पीठाची विरी गेली की तुझी आई उतरली तरी भाकरी जमणार नाही." ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरी एकसंध राहते ती ताज्या पिठात गरम पाण्याने येणाऱ्या चिकटपणामुळे, तीच विरी, आणि पीठ जसं जुनं होतं तसा तो कमी होतो. कडवटपणाही जुनेपणाचाच, पिठातला तेलाचा अंश खवट होतो. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर बिघडतं. उडीद जास्त पडला की हाताला चिकटतं, कमी पडला की कळण्याची चव राहत नाही. म्हणजे लोकांच्या पाच तक्रारींपैकी चिरणं आणि कडवटपणा या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी होतं: पीठ दळून किती दिवस झालेत हे पाकिटावरून कळत नव्हतं. दुकानात ठेवून विकायचं म्हटलं की पीठ जुनं होणारच. त्यावर उपाय दुकानदाराकडे नव्हता, माझ्याकडे होता. मागणी आल्यावर दळायचं आणि त्याच रात्री ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवायचं. सकाळी पुण्यात.

ठरवलं ते एवढंच. दादर ज्वारी वापरायची, कारण आपल्याकडे रब्बीच्या दादरची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी ज्वारी लगेच कळते. अर्ध्या किलोचं पाकीट. दळल्याची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरात, नावापेक्षाही मोठ्या. मिठाचं मात्र मी गटालाच विचारलं: कळण्यात दळतानाच मीठ घालता की नंतर? त्यावर जे रण पेटलं ते बघण्यासारखं होतं. कुणी म्हणे खडेमिठाशिवाय कळणा म्हणायचाच नाही, कुणी मेथीदाणे घालायचं सांगे, कुणी ज्वारीऐवजी बाजरीवर ठाम. गावागणिक, घरागणिक वेगळी रीत. त्या चर्चेतून मला उत्तर मिळालं की मीठ आणि मेथी घरच्यांवर सोडावी. बिनमिठाचं पीठ द्यायचं आणि सोबत चिठ्ठीवर लिहायचं की इतक्या पिठाला इतकं मीठ लागतं.

आता सांगण्याचा भाग. इथे सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं, कारण हे गट लोकांनी धंद्यासाठी काढलेले नाहीत. परक्या शहरात आपली माणसं भेटावीत म्हणून काढलेत. तिथे येता-येताच "आमच्याकडे उत्तम प्रतीचे" म्हणून फोटो टाकणारा माणूस म्हणजे ओळखपाळख नसताना लग्नाच्या पंगतीत उभं राहून स्वतःच्या दुकानाची कार्डं वाटणारा. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण त्याच्याकडून घेतही नाहीत.

मी आधी ॲडमिनना खासगीत लिहिलं. भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नाना म्हणतात. "नाना, नमस्कार. मी फैजपूरची. घरी कळण्याचं पीठ दळून देते. गटात कधी सांगितलं तर चालेल का, आणि कसं?" त्यांचं उत्तर आलं: "ताई, विचारलंत हे बरं केलंत. रविवारी टाका, एकच पोस्ट. फोटो तुमचा स्वतःचा असू द्या, गूगलवरचा नको. बाकी दिवस आपल्या माणसांसारखं बोला." या चार वाक्यांत सगळे नियम आले. पुढे दुसऱ्या गटांत गेले तेव्हाही पहिला मेसेज ॲडमिनलाच केला. जिथे जाहिरात अजिबात चालत नाही असं त्यांनी सांगितलं, तिथे ती केली नाही. वाचते, उत्तरं देते, एवढंच. रेडिटवरच्या लोकांचा एक जुना दंडक आहे की दहा वेळा बोलावं तेव्हा एकदा आपल्या मालाचं नाव घ्यावं. मला तो प्रमाण म्हणून पटतो, फक्त माझं प्रमाण त्याहूनही कमी आहे.

बाकी दिवस बोलायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. हिंजवडीत राहणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं की ज्वारीची भाकरी थापताना तुटते, सासूबाई येणार आहेत, कुणीतरी नीट सांगा. खाली लोक "सराव कर", "यूट्यूब बघ" म्हणत होते. मी लिहिलं: वाटीभर पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी उकळव. पाणी एकदम ओतू नकोस, थोडं थोडं घाल आणि उलथण्याने कालव. पाच मिनिटं झाकून ठेव. मग तळव्याने रगडून मळ, बोटांनी नाही. परातीला घासत पुढे ढकलायचं आणि परत ओढायचं, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. एका भाकरीपुरतंच मळ, सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकरी चिरतात. तव्यावर टाकलीस की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरव आणि पाणी सुकायच्या आत उलट. एवढं करूनही चिरली तर दोष तुझा नाही, पीठ जुनं आहे. जवळच्या गिरणीवरून पावशेर ताजं दळून आणून बघ.

माझ्या पिठाचं नाव मी घेतलं नाही. तिला त्या दिवशी लागत होती ती भाकरी, आणि तिच्या घराजवळच्या गिरणीवर ती होणार होती. दुसऱ्या दिवशी तिने भाकरीचा फोटो टाकला. फुगलेली होती. त्याच्याखाली कुणीतरी मला विचारलं, "ताई, तुम्हाला इतकं माहीत आहे म्हणजे तुम्ही पीठ देता का?" तेव्हा सांगितलं, हो, देते.

आणि विचारलं की सगळं उघडपणे सांगते. भाव विचारला तर भाव तिथेच लिहिते. "इनबॉक्समध्ये बघा" हे मला आवडत नाही. भाव लपवला की माणसाला वाटतं गिऱ्हाईक बघून सांगणार. ट्रॅव्हल्सचं भाडं वेगळं पडतं हेही तिथेच सांगते, कारण अर्ध्या किलोसाठी ते परवडत नाही हे त्यालाही कळायला हवं. त्यातून एक चांगली गोष्ट झाली. एकाच सोसायटीतल्या, एकाच भागातल्या घरांनी आपापसात मिळून मागणी द्यायला सुरुवात केली. एक जण पहाटे पार्सल उतरवून घेतो, बाकीचे त्याच्याकडून नेतात. वाकड, चिंचवड, कात्रज, असे गट पडले. ती माणसं एकमेकांना आधी ओळखतही नव्हती.

माझी नणंद सुरुवातीला म्हणाली, "वहिनी, मी खाली लिहू का, खूप छान पीठ आहे म्हणून?" मी नको म्हटलं. ती पीठ खाते, तिला आवडतं, ते खरं आहे. पण ती माझी नणंद आहे हे न सांगता लिहिणं खरं नाही. शिवाय खान्देशी गटात दुसऱ्याच प्रतिसादाला "तुमचं गाव कोणतं? तुम्ही कोणाच्या?" हा प्रश्न येतो आणि नातं पाच मिनिटांत उघडं पडतं. ग्राहक संरक्षणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे, की शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी संबंध असेल तर तो सांगितला पाहिजे. नणंदेने मग लिहिलंच, पण असं: "माझ्या वहिनी आहेत, म्हणून मला फुकट मिळतं. विकत घेणाऱ्यांनी सांगावं." त्यावर विकत घेणाऱ्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच्या मालाबद्दल तक्रार आली की हात शिवशिवतात. "अमुक दुकानातून आणलं, कडू निघालं." तिथे आपलं नाव पुढे करायचा मोह होतो, आणि मी तो कायम आवरते. कारण सांगते: पीठ जुनं असेल, डबा घट्ट नसेल, परत पाठवून बघा. त्या दुकानदाराचंही पोट आहे, आणि तोही बहुधा आपल्याच भागातला असतो. एका मसालेवाल्याबद्दल अशीच तक्रार होती; मी त्याची बाजू न घेता आणि न पाडता फक्त मसाला कसा साठवायचा ते लिहिलं. पुढे त्यानेच मला निरोप पाठवला की त्याच्या गिऱ्हाइकांना कळणा हवा असतो, ताज्या मागणीवर देणार का. आज त्याच्यामार्फत बरंच पीठ जातं.

आणखी एक, जे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. गटात कुणी गेल्याची बातमी आली की त्या दिवशी माझं काही पडत नाही, रविवार असला तरी. आधी गटावर नजर टाकायची आणि मग पोस्ट टाकायची. "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या रांगेत मधेच पिठाचं पाकीट दिसावं, यासारखं वाईट दुसरं नाही. निवडणुकीच्या दिवसांतही मी गप्प असते. तेव्हा लोक भांडणाच्या तयारीत असतात आणि कुठल्याही गोष्टीवरून भांडतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरून का होईना, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी होती, फी वर्षाला 100 रुपये, त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर घरूनच भरता येते. मिळालेला 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. रविवारच्या फोटोत तो क्रमांक दिसेल असं पाकीट धरते. त्यावर एरवी होणारी निम्मी विचारपूस वाचते. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. घरघंटीच्या पुढे जाऊन यंत्र घ्यायचं असेल तर केंद्राची 2020 सालची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना अजून चालू आहे का ते बघा; तिच्यात कर्जाला जोडून 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान होतं. सुरतेची मागणी आली तेव्हा मात्र थांबावं लागलं. पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर 2022 च्या जुलैपासून जीएसटी लागतो, आणि राज्याबाहेर करपात्र माल विकायचा म्हटला की उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सुरतेच्या लोकांना मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि नोंदणी होईपर्यंत त्यांना घरी दळायचं प्रमाण लिहून दिलं. नोंदणी झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी आठवणीने मागवलं.

बिबडीचंही पुढे जमलं. गल्लीतल्या बायका दरवर्षी उन्हाळ्यात एकमेकींच्या अंगणात करतातच. आता फाल्गुनात गटावर मागणी विचारून घेते आणि तेवढ्याच करतो. उरत नाहीत, पावसाळ्यात डबे सांभाळत बसावं लागत नाही, आणि हाताचे पैसे त्या बायांना वाळवण चालू असतानाच मिळतात.

वही अजून चालू आहे. सध्या तिच्यात पुन्हा पुन्हा येतंय ते बट्टीचं पीठ. वरण-बट्टी घरी करायची म्हटली की गहू आणि थोडा मका जाडसर दळलेला लागतो, आणि शहरातले गिरणीवाले जाड दळून देत नाहीत. आधीचं बारीक दळण मिसळतं म्हणतात. बारीक पिठाची बट्टी आतून गच्च होते, वाफवून कापली तरी तळताना खुसखुशीत होत नाही. "मिळालं, पण" असं पहिल्यांदा लिहिणाऱ्यांची नावं वहीत आहेत. घरघंटीची जाळी बदलून दोन वेगवेगळ्या जाडीचं दळण काढलंय, मका एकात पाचवा हिस्सा आणि एकात दहावा. दोन्हीची छोटी पाकिटं त्यांना या आठवड्यात पाठवते आहे, आणि कुठली बट्टी बरी झाली ते त्यांनी गटावरच लिहावं, वाईट झाली तर तेही, असं सांगितलंय.